तीन वाकळांचा वेळ

“तिसरी वाकळ पिळून झाल्याबगर वढा काय येत न्हाय,” सरूआक्का म्हणाल्या आणि डोंगराकडे पाठ करून त्यांनी धोपाटणं उचललं.

मी मात्र डोंगराकडेच बघत होते. आमच्या डोक्यावर ऊन होतं, कातळ पायाला चटके देत होता, आणि दोन कोसांवरचा म्हसोबाचा डोंगर कमरेपर्यंत काळ्या ढगात गेला होता. मधूनच वीज चमकायची, मग बऱ्याच वेळानं गडगडाट ऐकू यायचा. कुणी मान वर करत नव्हतं. ओढ्याच्या मधल्या कातळावर आम्ही अकरा बायका बसलो होतो. वाकळा बडवणं चाललं होतं, आणि कुणाच्या लेकीला बघायला कुठले पाहुणे येऊन गेले याची चर्चाही.

माझ्या लग्नाला तेव्हा पाच महिने झाले होते. माहेर जावळीच्या खोऱ्यात. तिथं पाऊस एकदा बसला की चार महिने उठत नाही, आणि मधेच ऊन पडलं तर माणसं ते बघायला अंगणात येतात. सासर मिळालं माणदेशात, जिथं पाहुण्याला गूळ हवा तेवढा देतील पण पाण्याचा दुसरा तांब्या देताना हात जरा आखडेल. नव्या नवरीनं पहिल्याच दिवशी आंघोळीला दोन घागरी पाणी घेतलं, ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली आणि मला ‘बेडकी’ हे नाव पडलं. ते ठेवलं सरूआक्कांनी. त्या आमच्या शेजारच्या, वयानं माझ्या आईएवढ्या. जिभेला हाड नव्हतं, पण बाई मायाळू. त्यांच्या बोलण्याचा मला कधी राग आला नाही.

त्या वर्षी मात्र माणदेशाचीच जावळी झाली होती. पितृपक्ष लागल्यापासून रोज दुपारी ढग चढायचे, तास-दीड तास कडाडून कोसळायचे आणि दिवस मावळायच्या आत आभाळ पुन्हा निवळायचं. दहा-बारा दिवस हेच चाललं होतं. गाव खुशीत होतं. विहिरी काठाला लागल्या होत्या, ज्वारीची पेरणी खोळंबली होती, तरी कुणी कुरकुरत नव्हतं. जन्मभर पाण्यासाठी आभाळाकडे बघणारी माणसं पाण्याला नावं कशी ठेवणार?

घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण ओढ्यावर नेऊन धुवायचं, ही आमच्याकडची रीत. वाकळा, पासोड्या, दुपटी, एक चिंधी घरात राहता कामा नये. देवी घरात यायची आणि पांघरुणं पारोशी, असं कसं चालेल? एरवी हे काम एका दिवसात उरकायचं. पण रोजच्या पावसानं वाकळा वाळेनात, म्हणून त्या वर्षी बायकांनी ते तीन दिवसांवर वाटून घेतलं होतं.

खरं सांगते, मला ते दिवस फार आवडले. सासरी आल्यापासून पहिल्यांदाच मी दिवसभर घराबाहेर होते. सोड्याच्या पाण्याचा वास, फडक्यात बांधून नेलेली भाकरी आणि खर्डा, ओली वाकळ दोघींनी दोन टोकांना धरून पिळताना एकमेकींना दिलेले हिसके, आणि हसून हसून दुखणारं पोट. आता साताऱ्यात मुलाच्या घरी कपडे यंत्रात घालते आणि बटण दाबते. सुख आहे, नाही म्हणत नाही. पण हसायला मात्र येत नाही.

तर, डोंगर काळा झाला की किती वेळ असतो, याचं बायकांचं माप ठरलेलं होतं. तीन वाकळा. भिजवून, सोडा लावून, बडवून, खळबळून, पिळून तीन वाकळा झाल्या की सामान आवरायचं आणि दरडीवर जाऊन बसायचं, मग पाणी येतं. सरूआक्कांच्या सासूच्या सासूपासून हेच माप चालत आलेलं. सरूआक्का तसं म्हणाल्या त्या पहिल्या दिवशी मी मोजलं, आणि ते अगदी बरोबर निघालं. तिसरी वाकळ पिळून आम्ही दरडीवर चढलो, हात पुसले, आणि ओढ्याच्या वरच्या वळणातून पाण्याची जीभ सरकत आली. पुढे पाला, लेंड्या, काटक्या, मागे गढूळ पाणी. बघता बघता ते गुडघाभर झालं. पाहुणा वेळेवर आल्यासारख्या बायका खूश झाल्या. “बघ बेडके,” सरूआक्का म्हणाल्या, “आमचा वढा बोलल्या शब्दाचा हाय.”

दुसऱ्या दिवशी तो शब्दाला चुकला. दुसरी वाकळ पिळतोय तोवर पाणी आलं. फार नव्हतं, घोटाभर. आम्ही हसत-किंचाळत सोड्याचे डबे उचलून पळालो. आज गप्पांत हात सावकाश चालला, असं सरूआक्कांनी ठरवून टाकलं आणि ते सगळ्यांना पटलं. मला पटलं नाही. मी तर त्या दिवशी बोललेसुद्धा नव्हते. आदल्या दिवसाइतकेच हात चालवले होते.

घरी आल्यावर मी ते आत्याबाईंना सांगितलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, कोंडाबाई. मामंजी मी यायच्या आधीच वारले होते आणि आमचे हे फलटणला एस.टी.त मेकॅनिक, आठवड्यानं घरी येणार. त्यामुळे घरात आम्ही दोघीच, आणि एक म्हैस. मी म्हटलं, माझा बाप सांगायचा, भुईची तहान असेपर्यंत ओढ्याला भ्यायचं नाही. तिनं ढेकर दिला की मात्र डोंगरावर पडलेला थेंब थांबत नाही, थेट खाली येतो. इथली भुई आता ढेकर द्यायला आली आहे. काल तीन वाकळा, आज दोन, उद्या एक.

आत्याबाई हसल्या. त्या क्वचित हसायच्या, म्हणून मला ते लक्षात आहे. माणदेशाच्या भुईला ढेकर येतो हे त्यांनी पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं. उद्या शेवटचा दिवस आहे, परवा घट बसायचे, तेव्हा बापाच्या गोष्टी सोडून लवकर ऊठ, असं त्यांनी मला सांगितलं.

आत्याबाईंबद्दल इथंच सांगायला हवं. मला त्यांनी कधी उपाशी ठेवलं नाही, हात उगारला नाही. कामाला वाघ होत्या. पण त्यांचं बोलणं सुरीसारखं, आणि ती सुरी कुणावर कधी चालेल याचा भरवसा नव्हता. त्यांचा थोरला मुलगा हणमंत आणि सून मालन सहा वर्षांपूर्वी इचलकरंजीला गेले होते. तो मागावर काम करायचा. सहा वर्षांत ना पत्र, ना सणाला येणं. गावात सगळ्यांना कारण माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मला ते सरूआक्कांनी बेंदराच्या दिवशी सांगितलं, आवाज इतका खाली आणून की मला दोनदा विचारावं लागलं. पुढे कितीतरी वर्षांनी मालनबाईंनी स्वतः आमच्या ओट्यावर शेंगा फोडताना तेच सांगितलं, तेव्हा कळलं की सरूआक्कांनी त्यात तिखटमीठ लावलं नव्हतं.

हणमंताच्या नावाची एक वाकळ होती. त्याच्या लहानपणच्या सदऱ्यांची, लग्नातल्या शेल्याची. आत्याबाईंनी स्वतः शिवलेली. ती वर्षभर दांडीवर असायची, कुणी पांघरायची नाही. पण दर वर्षी घटाच्या आधी ती ओढ्यावर यायची, आणि ती धुवायची ती आत्याबाईंनीच, सगळ्यात शेवटी.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात गेले तर म्हशीच्या खुंट्याभोवती पाणी साचलेलं. वाटलं, म्हशीनं बादली लवंडली. पुसून काढलं, तर पुन्हा भरलं. पाणी खालून येत होतं. शेताच्या वाटेवर बांधाच्या कुशीतून जागोजाग उपळ फुटले होते, स्वच्छ, थंड. पाय टाकेन तिथं पाणी वर येत होतं. माहेरी श्रावणात असं व्हायचं आणि मग आई ओढ्यापलीकडे गुरं सोडायची नाही. मी पुन्हा आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी उपळाचं पाणी ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावलं आणि देवीची कृपा म्हणून पुढं चालू लागल्या.

त्या दिवशी ढग जरा उशिरा चढले, म्हणून आम्ही निर्धास्त होऊन दुपार टळेपर्यंत ओढ्यातच. शेवटचा दिवस, त्यामुळे घराघरातली उरलीसुरली सगळी धुणी आलेली. मधला कातळ वाकळांनी झाकून गेला होता. ओढा तिथं खोल आहे. दोन्हीकडे पुरुषभर उंचीच्या दरडी, आणि वर यायला एकच चढाची वाट, तीही एकीमागे एक अशी. आमच्यात चंपाकाकी होत्या, सत्तरीच्या, गुडघ्यांनी अधू, कानांनी जड. एक पासोडी घेऊन त्या केवळ गप्पांसाठी यायच्या.

मग डोंगर दिसेनासा झाला. काळा नाही झाला, दिसेनासाच झाला. जिथं तो असायचा तिथं काहीच नव्हतं. गार वारा ओढ्यातून खाली आला आणि त्याला ओल्या मातीचा वास होता. आमच्यावर अजून ऊनच.

“तीन वाकळा,” कुणीतरी म्हणालं, आणि धोपाटणी पुन्हा चालू झाली.

मी सरूआक्कांना सांगितलं की आज एक वाकळसुद्धा होणार नाही, उठा. त्या म्हणाल्या, बेडकीला पाण्याचं भ्या कधीपासनं. मी आणखी दोघींना सांगितलं. एक हसली, दुसरी म्हणाली की भिजवलेल्या वाकळा अशाच टाकून गेले तर घरी सासू उभी करणार नाही. मी मोठ्यानं ओरडले, पाणी येतंय, उठा सगळ्या. दहा जणींपैकी नऊ जणींनी वळणाकडे पाहिलं. वळण कोरडं होतं. मग त्या पोट धरून हसल्या, आणि हे नव्या नवरीचं सोंग चंपाकाकींना ओरडून समजावून सांगावं लागलं.

आत्याबाई तेवढ्या हसल्या नाहीत. “गप बस शेवंते,” त्या म्हणाल्या, “आनि ती वाकळ दे हिकडं.”

हणमंताची वाकळ कोरडीच माझ्याजवळ ठेवलेली होती. ती उचलली आणि माझ्या मनात काय करायचं ते आलं. मी एकटी दरडीवर पळू शकले असते. वाट मोकळी होती. पण दहा जणी खाली, त्यात माझी सासू. या बायका विजेला हलत नाहीत, पावसाला हलत नाहीत. एका गोष्टीला मात्र त्या हातातलं काम टाकून उठतात, हे मी पाच महिन्यांत चांगलं पाहिलं होतं. ती गोष्ट मी केली तर उद्यापासून त्या घरात माझं काय होईल, हेही मला ठाऊक होतं. आणि त्याच घरात मला जन्म काढायचा होता.

मी वाकळ काखेत मारली आणि चढाची वाट धरली.

“कुठं निघालीस ती घिऊन?” आत्याबाईंनी विचारलं.

मी अर्ध्या चढावर थांबून वळले आणि शेवटच्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. “टाकून देती. दरसाल कशाला धुता ही? थोरले भावजी येनार न्हाईत. तुमच्या जिभेला भिऊन गेल्यात ते. मालनबाईंचं लेकरू गेलं, त्याचं अंग अजून ऊन हुतं, तवा तुमी तिला पांढऱ्या पायाची म्हनलात. आपल्या घरात परत कोन यील?”

सगळी धोपाटणी एकदम थांबली.

आत्याबाईंचं तोंड मी आजही विसरलेले नाही. त्या धोपाटणं हातात घेऊनच उठल्या. त्या वयाची बाई तो चढ इतक्या वेगानं चढेल असं मला वाटलं नव्हतं. मी पुढे पळाले, दरडीवर आले, आणखी वीस पावलं मागे सरले. त्या माझ्या मागे, आणि त्यांच्या मागे सरूआक्का, कारण समोर सासू-सुनेचं भांडण लागलं असताना बसून राहणं त्यांच्या रक्तात नव्हतं. सरूआक्कांच्या मागे बाकीच्या, कुणी सोडवायला, कुणी ऐकायला. ओल्या लुगड्यांनी, हातात सोड्याचा फेस. मी मनात मोजत होते. नऊ.

चंपाकाकी खालीच होत्या. “मला हितनं बी ऐकू येतंय,” त्यांनी सांगितलं आणि हात कानामागे लावून बसल्या.

मग मी आवाज खाली आणला. आत्याबाई माझ्यासमोर उभ्या, धोपाटणं वर धरलेलं, पण ते खाली येत नव्हतं. मी हळू आवाजात, ओठ हलवत, काहीही बोलत राहिले. काय बोलले आठवत नाही. बहुतेक आमच्या गावच्या देवाचं नाव घेत होते. ओढ्यातून चंपाकाकींची हाक आली, काय म्हणती ती, मोठ्यानं बोला की. कुणाचं लक्षच नव्हतं. शेवटी म्हातारीच्यानं राहवेना. गुडघ्यांवर हात ठेवून ती उठली आणि एकेक पाऊल टाकत चढ चढू लागली. मी आत्याबाईंच्या खांद्यावरून तिचं पांढरं डोकं वर येताना बघत होते. अर्ध्या वाटेत ती दम खायला थांबली, आणि तेव्हा मला रडू आलं.

सरूआक्कांनी पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. दगडावरून खूप बैलगाड्या एकदम जाव्यात तसा आवाज वळणापलीकडून येत होता. त्या धावत खाली गेल्या, चंपाकाकींचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत, फरफटत वर आणलं.

पाणी जीभ काढत आलं नाही. दरडीएवढं उभं आलं. बाभळी मुळांसकट त्यात होत्या. मधला कातळ, त्यावरच्या वाकळा, डबे, भाकरीची फडकी, सगळं एका दमात गेलं. कातळ होता तिथं नुसता भोवरा. पाणी दरडीच्या काठाला लागलं तशा आम्ही मागे सरलो. आमच्या अंगावर तोवर पावसाचा थेंब पडला नव्हता.

मग सरूआक्का खाली बसल्या आणि बोटानं बायका मोजू लागल्या. अकरा झाल्या तरी पुन्हा पहिल्यापासून मोजायच्या. चंपाकाकी सगळ्यांना विचारत होत्या, भांडणाचं पुढं काय झालं.

सगळ्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा सरूआक्कांनी माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि मला मिठी मारून रडल्या. मला त्यांच्यातून सुटून आत्याबाईंकडे जायचं होतं. त्या एकट्या, ओढ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. मी जवळ जाऊन म्हटलं, “आत्याबाई, मी मुद्दाम बोलले. तुमी वर यावं म्हनून. मनात न्हवतं माझ्या.”

त्यांनी माझ्या हातातून वाकळ घेतली आणि घराची वाट धरली.

गावात मी देवी झाले आणि घरात कुणीच नाही. घट बसले ते गोणपाटावर झोपून उठलेल्या गावात. थंडी पडेपर्यंत बायका चिंध्या गोळा करून नव्या वाकळा शिवत होत्या, आणि प्रत्येक घरातून मला बोलावणं यायचं, पहिला टाका तू घाल म्हणून. आत्याबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. काही सांगायचं झालं तर त्या म्हशीला सांगायच्या. “वैरण संपली म्हनावं,” “पीठ दळून आनाय पायजे म्हनावं.” म्हैस बिचारी माझ्याकडे बघायची. एरवी मला हसू आलं असतं. भाकरी त्या करायच्या, माझी माझ्यापुढे ठेवायच्या, पहिल्यासारखीच गरम. त्यामुळे मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हे घरी आले तेव्हा त्यांना सगळं गावातूनच कळलेलं होतं. ते म्हणाले, वाचवलंस ते बरं केलंस, पण दुसरं काही बोलायला नव्हतं का? मी विचार केला. खरंच, दुसरं काय बोलले असते? त्यांच्या स्वयंपाकाला नाव ठेवलं असतं, माहेराचा उद्धार केला असता, तर त्या उठल्या असत्या का? मला वाटतं, उठल्या असत्या. बाकीच्याही आल्या असत्या. मग मी नेमकं तेच का बोलले? हा प्रश्न मला तीन आठवडे छळत होता आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

दिवाळीला आठ दिवस होते. दुपारची वेळ. मी ओट्यावर हरभऱ्याची डाळ निवडत होते. आत्याबाई आतून आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. म्हैस गोठ्यात होती, त्यामुळे त्यांना सरळ माझ्याशीच बोलावं लागलं.

“त्या दिशी म्हनालीस, मनात न्हवतं.”

“व्हय.”

“मनात न्हवतं, तर तोंडात कुठनं आलं?”

मी डाळीत हात घालून बसले. खोटं बोलायचं मनात होतं. पण त्या वाट बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी खोटंच बोलले असते.

“हुतं मनात,” मी म्हटलं.

“कवापासनं?”

“बेंदरापासनं.”

त्यांनी मान हलवली. एवढ्या दिवसांनी कुणीतरी खरं बोललं, एवढंच त्या मान हलवण्यात होतं. मग कनवटीला खोचलेला, घामानं मऊ झालेला आंतरदेशीय कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. तो त्यांनी कधी आणवला आणि किती दिवस जवळ बाळगला, मला ठाऊक नाही. “सातवी शिकलीयास न्हवं,” त्या म्हणाल्या. “लिव.”

मी दौत-टाक आणला. डाळीचं सूप पालथं घालून त्यावर कागद ठेवला. चिरंजीव हणमंत यास अनेक आशीर्वाद, असं लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं.

“खोड,” त्या म्हणाल्या.

“का?”

“त्याला न्हाय. मालनला लिव.”

मी टाक उचलून धरला. काय लिहू, म्हणून विचारलं. सहा वर्षांत त्या बाईचं नाव त्यांच्या तोंडून मी काय, कुणीच ऐकलं नव्हतं.

“वढ्यावर बोललीस तेच,” त्या म्हणाल्या. “साऱ्या गावानं ऐकलंय, आता तिला बी ऐकू दे. आनि खाली घाल, कोंडाबाई म्हनती, हे खरं हाय.”

मी पहिली ओळ खोडली आणि मालनबाईंचं नाव घातलं.